रचना ठरवणाऱ्याने टीका कशी ऐकावी: ढोल-ताशा पथकांसाठी ड्रम कोरच्या अनुभवातून काही मार्गदर्शन

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात कापड गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, तेव्हा परीक्षकांनी दिलेले क्रमांक नंतर जाहीर होतात. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचा निकाल मात्र तिथल्या तिथे ऐकू येतो. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तरी कामगारांनी झांकीची परंपरा सोडली नाही. मिरवणूक ही आपलीच वस्तू आहे असे मानणारा हा प्रेक्षक आहे, आणि आपल्या मराठी वस्त्यांमधली ढोल-ताशा पथकेही याच प्रेक्षकासमोर वाजवतात. त्यामुळे पथकाने काही नवे केले, नेहमीचा ठेका लांबणीवर टाकला, ताशांना जास्त वाव दिला किंवा ध्वजांची मांडणी बदलली, की चौक ओलांडण्याआधीच अभिप्राय कानावर पडतो.

तो अभिप्राय कोणाच्या कानावर पडतो, हा माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. रचना ठरवणारा दादा किंवा ताई बहुधा पुढे वाट मोकळी करत असते. ढोल कमरेला बांधून रांगेच्या कडेला उभा असलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा तो शेरा ऐकतो. त्याने काहीही ठरवलेले नसते. पुढील मार्गदर्शन रचना ठरवणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातला बराचसा भाग मी अमेरिकेतील ड्रम कोरच्या स्पर्धांचा अनेक वर्षे अभ्यास करून आणि आपल्या पथकात तो पडताळून पाहून लिहीत आहे.

ज्यांना ड्रम कोर हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि ध्वज फिरवणारा कलर गार्ड अशा सुमारे दीडशे तरुणांचा एक संघ अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर चालत, धावत, आकृत्या बदलत दहा-बारा मिनिटांचा एक कार्यक्रम सादर करतो. बहुतेक सदस्य शाळा-महाविद्यालयांतले असतात, वयाची कमाल मर्यादा बाविशीच्या आसपास असते, आणि उन्हाळाभर गावोगाव फिरून ऑगस्टमध्ये अंतिम स्पर्धा होते. ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ ही संस्था १९७१ साली स्थापन झाली आणि १९७२ साली तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्याआधी या स्पर्धा माजी सैनिकांच्या संघटना भरवत असत. त्यांचे नियम जाचक वाटू लागल्यामुळे संघांच्या संचालकांनी स्वतःची संस्था उभी केली. म्हणजे कार्यक्रम कसा असावा हे कोणी ठरवायचे, हा वाद या कलेच्या मुळाशीच आहे.

आता गुणदानाकडे पाहू, कारण आपल्याला उपयोगी पडणारा पहिला धडा तिथे आहे. १९८३ पर्यंत तिथे चूक मोजण्याची पद्धत होती: परीक्षकाला चूक दिसली की दशांश गुण कापला जाई. १९८४ पासून ती पद्धत गेली आणि काय साधले त्याला गुण देण्याची पद्धत आली. आज १०० पैकी ४० गुण एकूण परिणामाला, ३० दृश्य अंगाला आणि ३० संगीताला असतात. या बदलाचा अर्थ असा की रचनाकाराच्या निर्णयाचे वजन वाढले. केवळ अचूक वाजवणे पुरेसे राहिले नाही. काय वाजवायचे आणि ते कशासाठी, याचेही मोल होऊ लागले. साहजिकच रसिकांचे वादही तिथे सरकले. पूर्वी कोणाची रांग वाकडी झाली यावर चर्चा होत असे. नंतर हा कार्यक्रम मुळात असा का रचला, यावर होऊ लागली.

म्हणून आपल्या पथकात हंगामाच्या आरंभी, ढोल बाहेर काढण्यापूर्वी, यंदा आपण काय करणार आहोत ते एका वाक्यात लिहून काढावे. ‘यंदा काहीतरी वेगळे’ हे वाक्य चालणार नाही. ‘यंदा ताशा बोलेल आणि ढोल त्याला उत्तर देईल’ हे चालेल, कारण ते ऐकणाऱ्याला पडताळून पाहता येते. ते वाक्य लिहिणाऱ्याचे नाव सर्व वादकांना माहीत असावे. समितीने मिळून ठरवले असे म्हटले की टीकेच्या वेळी कोणीच पुढे येत नाही, आणि मग ती टीका घरंगळत वादकांपर्यंत जाते. आमच्या पथकात आता सरावाच्या पहिल्या दिवशीच सांगितले जाते की रचना अमुक व्यक्तीची आहे, तिच्याबद्दल कोणी काही बोलले तर ऐकून घ्या, वाद घालू नका आणि त्या व्यक्तीचे नाव सांगा. हा एक नियम पाळला तरी निम्मा त्रास कमी होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नवे काय आणि कायम काय, याची वाटणी. इंदूरचा श्रोता टोलाचा घुमारा छातीत जाणवावा म्हणून येतो. सगळे ढोल एका वेळी पडतात तो क्षण त्याला हवा असतो, आणि ती अपेक्षा रास्त आहे. तो क्षण काढून टाकून तुम्ही कितीही बारीक काम केलेत तरी त्याच्या मनात काहीतरी राहून गेल्याची भावना उरते. तेव्हा तो क्षण ठेवावा. त्याची जागा बदलता येते, त्याच्याकडे जाण्याची वाट बदलता येते. नाजूक आणि जोरकस यांचा वाद आपल्या शहराला नवा नाही. होळकर दरबारातील नाना पानसे यांच्या नावाने पखवाजाचे घराणे चालते, आणि त्यांच्या वादनातील गोडवा व कुदऊसिंग यांच्या परंपरेतील जोरकसपणा यांची तुलना जाणकार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. दोन्ही बाजूंना रसिक होते. म्हणून नाजूक काम लोकांना कळत नाही, असे म्हणून रचनाकाराने स्वतःची सुटका करून घेऊ नये.

मी तशी सुटका एकदा करून घेतली होती, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटते. काही वर्षांपूर्वी मी आरंभीची दीड मिनिटे केवळ ताशांना दिली; ढोलवादक स्तब्ध उभे. सरावाच्या मैदानावर ते फार सुंदर वाटत असे. रस्त्यावर मात्र मिरवणूक अडून राहिल्यासारखी झाली, लोक पुढच्या पथकाकडे निघून गेले आणि कोणीतरी मोठ्याने म्हणाले, ‘ढोलवाले सो गए क्या?’ पहिल्या रांगेतल्या ताशावादक मुलीने ते ऐकले. पुढचे चार दिवस ती सरावाला आली नाही. तिच्या आईने मला सांगितले की, आपल्याच हातून काही बिघडले असे तिला वाटते आहे. तिचे काहीच चुकले नव्हते; तिने मी सांगितले तसेच, आणि फार चांगले, वाजवले होते. मी तिच्या घरी जाऊन हे तिला आणि तिच्या घरच्यांना सांगितले, परंतु ते मला मिरवणुकीच्या आधीच सर्वांसमोर सांगता आले असते.

त्या प्रसंगाने मला एक तांत्रिक गोष्टही शिकवली. ड्रम कोरचा प्रेक्षक स्टेडियममध्ये एका बाजूला बसलेला असतो, तो कार्यक्रमाचा पहिला स्वर ऐकतो आणि शेवटचाही ऐकतो. त्यामुळे तिथल्या रचनाकाराला हळूहळू चढत जाणारी मांडणी करता येते. मिरवणुकीतला श्रोता उभा असतो आणि पथक त्याच्यासमोरून जाते. त्याच्या वाट्याला मधलीच दोन-तीन मिनिटे येतात. दीड मिनिटांची शांत सुरुवात म्हणजे काही लोकांसाठी संपूर्ण कार्यक्रमच शांत. तेव्हा परदेशी किंवा पुण्याच्या पथकाची मांडणी उचलताना ती कोणत्या प्रेक्षकासाठी केलेली आहे हे आधी पाहावे. चौकात थांबून वाजवायचे असेल तर आरंभ, मध्य आणि शेवट असा आराखडा शोभतो. चालत वाजवायचे असेल तर दर दोन मिनिटांच्या आत एकदा तरी सर्व ढोल एकत्र पडले पाहिजेत. पुढच्या वर्षी मी तीच ताशांची सुरुवात ठेवली, पण चाळीस सेकंदांची केली, ती फक्त चौकात घेतली आणि तेवढ्या वेळात मागे एका ढोलाचा मंद टोल चालू ठेवला. त्या वर्षी लोक थांबून ऐकत राहिले.

टीका कानावर आली की तिची प्रथम वर्गवारी करावी. श्रोत्याच्या बोलण्यातून ती वर्गवारी आपोआप होत नाही, कारण रागावलेला माणूस सगळे एकाच वाक्यात बोलतो. माझ्या अनुभवाने तीन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात: वादनात चूक झाली, रचना कळली नाही, आणि रचना कळली पण आवडली नाही. पहिलीवर उपाय सराव हा आहे आणि तिच्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. तिसरीकडे धीराने पाहावे. खरे काम दुसरीवर करायचे असते, आणि नेमकी तीच रचनाकाराला सर्वांत अधिक बोचते, कारण आपल्या डोक्यात स्पष्ट असलेली गोष्ट दुसऱ्याला दिसली नाही हे मान्य करावे लागते.

दुसरी आणि तिसरी यांतला फरक समजण्यासाठी ड्रम कोरच्या इतिहासातील एक उदाहरण सांगतो. इंडियाना राज्यातील ‘स्टार ऑफ इंडियाना’ या संघाने १९९१ साली अजिंक्यपद मिळवले होते. १९९३ साली त्यांनी बार्टोक आणि बार्बर यांच्या संगीतावर अत्यंत संयत, गंभीर आणि टाळ्यांसाठी कोठेही न थांबणारा कार्यक्रम केला. त्या उन्हाळ्यात काही ठिकाणी प्रेक्षकांनी मैदानावरच्या मुलांची हुर्यो उडवली. अंतिम स्पर्धेत तो संघ ९७.३ गुणांसह दुसरा आला. पहिल्या आलेल्या कॅडेट्स संघाला ९७.४ गुण होते. त्यानंतर त्या संघाने स्पर्धा सोडली, आणि त्याच मंडळींच्या कामातून पुढे ‘ब्लास्ट’ हा रंगमंचीय कार्यक्रम उभा राहून २००१ साली ब्रॉडवेवर पोहोचला. १९९३ चा तो कार्यक्रम आज या कलेतील सर्वांत प्रभावी कार्यक्रमांत गणला जातो. प्रेक्षकांना तो कळला नव्हता की आवडला नव्हता? मला वाटते बहुतेकांना तो कळला होता; त्यांना आपल्याकडे पाठ फिरवल्यासारखे वाटले. हे रचनाकाराने ठरवून केले होते आणि ते टिकून राहिले. परंतु हुर्यो ऐकली ती मुलांनी, हेही विसरू नये. एखादा निर्णय तीस वर्षांनी योग्य ठरला, म्हणून त्या उन्हाळ्यातील मुलांच्या मनाची जबाबदारी कमी होत नाही.

याच्या उलट बाजूला २००८ साल आहे. रॉकफर्डचा फँटम रेजिमेंट हा संघ रोमन गुलाम स्पार्टाकसच्या बंडाची कथा घेऊन आला, ती कथा मैदानावर कोणालाही स्पष्ट दिसत होती, प्रेक्षक उभे राहून ओरडत होते, आणि ९८.१२५ विरुद्ध ९८.१०० अशा अवघ्या ०.०२५ गुणांच्या फरकाने त्यांनी ब्लू डेव्हिल्सना मागे टाकून अजिंक्यपद घेतले. लोकांना कळणारे ते उथळच असते, असे मानणाऱ्या प्रत्येक रचनाकाराने हा कार्यक्रम पाहावा.

ध्वनिवर्धनाचा वादही आपल्याला जवळचा आहे. ड्रम कोरमध्ये मैदानापुढे उभ्या असलेल्या तालवाद्यांसाठी ध्वनिवर्धकाला २००४ साली परवानगी मिळाली आणि २००९ साली इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली. २००६ ते २००८ या काळात कॅडेट्स संघाने कार्यक्रमात निवेदन घातले, तेव्हा अनेक जुन्या रसिकांनी कडाडून विरोध केला. २०१४ साली मात्र ओहायोच्या ब्लूकोट्सनी यंत्राच्या साहाय्याने स्वर खाली घसरत नेण्याचा प्रयोग केला, मैदानावरच्या तिरक्या आकृत्यांशी तो जोडला, आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. दोन्ही वेळी आधार यंत्राचाच होता. माझा निष्कर्ष असा की पहिल्या वेळी रसिकांची तक्रार यंत्राबद्दल नव्हती. मुलांचे वादन निवेदनाखाली झाकले जाते, ही ती होती. आपल्याकडे कोणी ‘पथकात डीजेसारखे वाजवता’ असे म्हणाले, तर ढोलावर चित्रपटगीताचा ठेका घ्यावा की नाही यावर वाद घालण्याऐवजी, त्या वेळी ताशा ऐकू येत होता का, हे तपासावे. बहुतेकदा उत्तर तिथेच सापडते.

ही तपासणी करण्याची एक पद्धत मी ड्रम कोरच्या परीक्षकांकडून घेतली आहे. तिथे परीक्षक कार्यक्रम चालू असतानाच आपला अभिप्राय बोलून ध्वनिमुद्रित करतात, ते मुद्रण संघाला मिळते आणि रचनाकार ते कार्यक्रमासोबत लावून ऐकतो. आपण हेच करू शकतो. सरावाला तीन माणसांना बोलवावे: ढोल कधीही न वाजवलेली एक व्यक्ती, दुसऱ्या पथकातला एक जाणकार, आणि वस्तीतले एखादे काका किंवा आजोबा, ज्यांनी वर्षानुवर्षे मिरवणुका पाहिल्या आहेत. प्रत्येकाने वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहून, फोनवर मुद्रण चालू ठेवून, जे मनात येईल ते बोलावे. नंतर विचारू नये, कारण नंतर लोक भिडेखातर चांगले बोलतात. ‘आता काय चाललंय?’, ‘हे किती वेळ?’, ‘वा!’ एवढे शब्दही पुरेसे असतात. एकाच जागी तिघांपैकी दोघे गप्प झाले किंवा कंटाळले, तर तिथे रचना कळत नाही असे समजावे. काका एकटेच नाराज असतील आणि बाकीचे दोघे गुंगले असतील, तर तो आवडीचा प्रश्न आहे. काकांना नम्रपणे ऐकून घ्यावे आणि रचना ठेवावी.

हे मुद्रण गणपती बसण्याच्या किमान तीन आठवडे आधी व्हावे. ड्रम कोरमध्ये हंगामभर, अगदी अंतिम आठवड्यातही, बदल होतात. परंतु ती मुले दिवसभर सराव करतात आणि आपली मुले शाळा, शिकवण्या व नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास येतात. हातात बसलेला ‘हात’, म्हणजे वाजवण्याचा ठरलेला ठेका, शेवटच्या आठ दिवसांत बदलला तर नवीन हात येत नाही आणि जुनाही डळमळतो. म्हणून शेवटच्या आठ दिवसांत काढून टाकण्यास परवानगी असावी, नवे घालण्यास नसावी. या नियमाला मी अपवाद केलेला नाही आणि करू नये असेच सांगेन.

प्रत्यक्ष दहा दिवसांत टीका येईल ती रचनाकाराने रोज रात्री वहीत लिहावी, परंतु वादकांसमोर वाचू नये. वादकांना फक्त वादनाबद्दल सांगावे. कोणी चित्रफीत काढून त्यावर टोचून लिहिले असेल तर पथकाच्या वतीने एकानेच उत्तर द्यावे, ते छोटे असावे, आणि रचना माझी होती एवढे त्यात स्पष्ट असावे. मुलांनी आपल्या पथकाच्या बाजूने भांडायला उतरू नये, हे त्यांना प्रेमाने पण ठामपणे समजवावे लागते, कारण त्यांचा अभिमान खरा असतो आणि तो दुखावलेला असतो. जो ज्येष्ठ श्रोता सतत बोलतो, त्याला एका संध्याकाळी सरावाला बोलवावे, खुर्ची द्यावी, चहा द्यावा. मी असे तीनदा केले आहे. तीनपैकी दोघे आज सरावाला स्वतःहून येतात आणि तिसरे अजूनही नाराज आहेत, पण आता नाराजी कुठल्या हाताबद्दल आहे ते नेमके सांगतात.

टीका करणाऱ्या रसिकांकडेही एक मागणे आहे. क्षण सांगा, माणूस सांगू नका. ‘होळकरांच्या छत्रीजवळ वळताना ढोल थांबले ते बरे वाटले नाही’ या वाक्याचा आम्हाला उपयोग होतो. ‘त्या उंच मुलाला वाजवता येत नाही’ या वाक्याचा होत नाही, आणि तो उंच मुलगा तुमच्यापासून चार हातांवर असतो. शक्य असेल तर तेच पथक दुसऱ्या चौकात पुन्हा ऐका, कारण गर्दीत, वळणावर, उताराला आवाज निराळा पोहोचतो. आणि राग फारच आला असेल तर वादकांच्या रांगेला ओलांडून पुढे या. रचना ठरवणारी व्यक्ती तिथे असते, गळ्यात शिट्टी असते, आणि तिला विचारले की ती थांबते.

विसर्जनानंतर आठ-दहा दिवसांनी, पितृपक्षात, ती वही उघडावी. तोवर राग ओसरलेला असतो. एकाच गोष्टीबद्दलचे शेरे मोजावेत, मुद्रणांशी ताडून पाहावेत आणि हंगामाच्या आरंभी लिहिलेले ते एक वाक्य शेजारी ठेवावे. त्या वाक्याला धरून असलेली आणि तरीही लोकांना न आवडलेली एखादी गोष्ट पुढच्या वर्षी पुन्हा करायची असेल तर करावी, मात्र पहिल्या दिवशी वादकांना गोल बसवून सांगावे की ही गोष्ट गेल्या वर्षी अनेकांना आवडली नव्हती, मी ती पुन्हा घेत आहे, कारण हे आहे, आणि रस्त्यावर कोणी काही म्हणाले तर त्यांना माझ्याकडे पाठवा. यंदा मी हे सांगितले तेव्हा ती ताशावादक मुलगी, जी आता नव्या मुलींना शिकवते, पहिल्या रांगेत बसलेली होती, आणि तिने विचारले की त्या चाळीस सेकंदांची आपण पन्नास करू शकतो का. तिघांचे मुद्रण ऐकूनच ठरवू, असे मी तिला सांगितले आहे.